कोळेरोगाचे कूळ

बंगळूर म्हटले की मराठी माणसाला प्रथम शहाजीराजे आठवतात. १६३८ साली रणदुल्लाखानाने ते केंपेगौडाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्याच शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी एक निराळी मोहीम सुरू झाली. हिच्यातला शत्रू उघड्या डोळ्यांना दिसत नव्हता. तो दिसू लागल्यावर त्याच्यावर उपायही सापडला. परंतु तो मुळात कोणत्या कुळातला, हे निश्चित व्हायला जवळजवळ ऐंशी वर्षे जावी लागली. रोग बरा होतो आहे तर रोगकर्त्याच्या कुळाची चौकशी कशाला, असे कोणीही विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर मिळायलाही तितकीच वर्षे लागली.

शत्रूची पहिली ओळख सुपारीच्या बागाइतदारांनी करून दिली. म्हैसूर संस्थानच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या घाटमाथ्यालगतचा मलनाड हा मुलूख पोफळीच्या बागांचा. ज्येष्ठात पाऊस लागतो आणि आषाढ-श्रावणात धो धो कोसळत राहतो. मध्येच एखादा दिवस ऊन पडते, पुन्हा झड लागते. अशा दिवसांत हिरव्या सुपारीच्या देठाशी एक काळपट, पाणी मुरल्यासारखा डाग दिसू लागतो. चार-आठ दिवसांत तो सबंध फळभर पसरतो आणि घडाखाली कोवळ्या सुपाऱ्यांचा सडा पडतो. पडलेल्या फळांवर पुढे कापसासारखे पांढरे जाळे धरते. ह्या रोगाला कानडीत ‘कोळे रोग’ म्हणतात. ‘कोळे’ म्हणजे कुजणे. कोकण-गोव्याच्या बागाइतदारानेही तोच शब्द उचलला. दक्षिण कानडा जिल्ह्यात ह्यालाच ‘महाळी’ म्हणत. फळे गळण्यावर निभावले तर वर्षाचे उत्पन्न जाते. पण रोग शेंड्यात शिरला तर झाडच मरते, आणि नव्या पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षे वाट पाहावी लागते. घराण्याची मिळकत बागेत गुंतलेली असते. त्यामुळे श्रावणातला तो सडा पाहून बागाइतदाराच्या काळजात चर्र होत असे, यात नवल नाही.

यावर जुना उपाय असा होता, की पावसाच्या आधी माणूस झाडावर चढवायचा आणि प्रत्येक घडावर गवताची किंवा पोफळीच्या विरीची टोपी बांधायची. फळांवर पाणी पडले नाही तर रोग येत नाही, एवढे निरीक्षण त्यामागे होते, आणि ते अगदी बरोबर होते. सुपारीची झाडे उंच आणि बारीक असतात. त्यांवर चढणारे गडी एका झाडाचा शेंडा वाकवून दुसऱ्या झाडावर जात. पावसाळ्याच्या तोंडावर हजारो झाडांवर टोप्या बांधायच्या म्हणजे खर्च मोठा आणि धोका त्याहून मोठा.

ह्या रोगाकडे म्हैसूर दरबारचे लक्ष गेले, त्यासाठी जागा आधीपासून तयार होत होती. १८९९ साली रीजंट महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी बंगळूरच्या उत्तरेस हेब्बाळ येथे ३० एकर जमीन शेतीच्या प्रयोगांसाठी दिली. डॉ. लेहमन हे तेथले पहिले कृषिरसायनज्ञ. १९०८ साली डॉ. लेस्ली चार्ल्स कोलमन नावाचे तिशीतले कॅनेडियन गृहस्थ संस्थानचे कवकशास्त्रज्ञ आणि कीटकशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्यांचे शिक्षण टोरांटो येथे आणि जर्मनीतील गटिंगेन येथे झाले होते. बुरशी आणि किडे ही दोन्ही खाती एकाच माणसाकडे, यावरून त्या काळच्या काटकसरीची कल्पना येते. परंतु पुढे हाच माणूस संस्थानचा शेतकी संचालक झाला, १९१३ साली हेब्बाळला शेतकी शाळा उभी राहिली आणि १९२५ साली बाळेहोन्नूर येथे कॉफीचे संशोधन केंद्र निघाले. एका खुर्चीवर दोन कामे लादणे दर वेळी वाया जाते असे नाही.

कोलमन येण्यापूर्वी ह्या रोगाकडे आणखी एका जाणकाराची नजर गेली होती. एडविन जॉन बटलर हे मूळचे आयर्लंडचे आणि शिक्षणाने वैद्य. कॉर्क येथे शिकत असताना प्राध्यापक मार्कस हार्टोग यांच्या सहवासात त्यांना पाण्यातल्या बुरशींचा छंद लागला. पाण्यात मेलेल्या माशीवर किंवा जखमी माशावर जे पांढरे तंतू कापसासारखे उभे राहतात, ते हार्टोग यांच्या अभ्यासाचे विषय होते. १९०१ साली बटलर हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत आले आणि १९०५ पासून बिहारमधील पुसा येथे शाही कवकशास्त्रज्ञ झाले. १९०६ साली ताडवर्गातील झाडांच्या रोगांवर त्यांनी जो लेख लिहिला, त्यात कोळेरोगाचाही परामर्श घेतला होता. त्यांच्या पुढच्या वर्षीच्या ग्रंथात पिथियम नावाच्या प्रजातीचे सविस्तर वर्णन आले. ह्या पिथियमच्या जाती ओल्या मातीत सर्वत्र असतात. तंबाखूच्या किंवा मिरचीच्या वाफ्यात रोपे जमिनीलगत मऊ पडून एका रात्रीत आडवी होतात, ती बहुधा यांच्यामुळेच.

कोलमन यांनी कोळेरोगाचे काम हाती घेतले आणि १९१० साली त्यांची पुस्तिका म्हैसूर शेतकी खात्यातर्फे प्रसिद्ध झाली. कुजलेल्या सुपारीवरच्या पांढऱ्या जाळ्यात त्यांना लिंबाच्या आकाराच्या सूक्ष्म पिशव्या आढळल्या. अशी पिशवी पाण्याच्या थेंबात पडली की तिचे तोंड उघडते आणि आतून अनेक बीजाणू बाहेर पडतात. हे बीजाणू वाऱ्यावर उडत नाहीत. प्रत्येकाला चाबकाच्या दोरीसारखे दोन धागे असतात आणि त्यांच्या फटकाऱ्यांनी ते पाण्यात पोहतात. फळाच्या सालीवर पसरलेला पाण्याचा पातळ थर हा त्यांचा समुद्र. टोपी बांधली की रोग येत नाही, हे मलनाडच्या शेतकऱ्याने कसे ओळखले होते, त्याचा उलगडा येथे झाला. टोपीने फळ कोरडे राहिले की ह्या जलचराला पोहायला जागाच उरत नाही.

अशी पोहणारी बुरशी युरोपला अपरिचित नव्हती. १८४५ साली आयर्लंडमधील बटाट्याची शेते करपून काळी पडली आणि त्यातून उद्भवलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. बुरशी हे रोगाचे कारण आहे, परिणाम नव्हे, असे बर्कली यांनी १८४६ साली प्रतिपादन केले. डी बारी यांनी पुढे ते प्रयोगाने दाखवले आणि १८७६ साली त्या रोगकर्त्याच्या प्रजातीला फायटॉप्थोरा म्हणजे ‘वनस्पतिनाशक’ असे नाव दिले. कोलमन यांनी सुपारीवरचा जीव ह्याच प्रजातीत घातला. डी बारी यांनी वर्णिलेल्या ‘सर्वभक्षक’ जातीचा तो एक प्रकार आहे असे मानून त्यांनी त्याला सुपारीचे नाव दिले. तीनच वर्षांनी, १९१३ साली, पेथीब्रिज यांनी त्या प्रकाराला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. ‘फायटॉप्थोरा अरेकी’ ह्या नावामागे कंसात कोलमन यांचे नाव राहिले. मलनाडच्या एका घडावरून सुरू झालेले हे नाव असे जगाच्या ग्रंथांत गेले.

उपायही युरोपातलाच होता, आणि त्याची कथा गमतीची आहे. १८७८ च्या सुमारास फ्रान्समधील द्राक्षमळ्यांत अमेरिकेतून एक रोग शिरला. नाशिकचा द्राक्षबागाइतदार त्याला ‘केवडा’ म्हणतो. बोर्डो प्रांतात रस्त्यालगतच्या वेली वाटसरूंनी ओरबाडू नयेत म्हणून मळेवाले त्यांवर मोरचूद आणि चुना यांचे निळसर पाणी शिंपडून ठेवीत. त्या वेलींची पाने शाबूत राहिली, हे १८८२ साली प्राध्यापक मिलार्दे यांच्या नजरेस पडले. त्यातून बोर्डो मिश्रण जन्मास आले. कोलमन यांनी हेच मिश्रण मलनाडच्या धारेत टिकावे म्हणून त्यात राळ आणि सोडा यांचे चिकट द्रावण घालून पाहिले. पावसाआधी एक फवारणी आणि मग ४० ते ४५ दिवसांनी दुसरी, असा क्रम पुढे रूढ झाला. शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, हे प्रमाण आजही कायम आहे. झाडावर चढण्याचे काम काही टळले नाही. परंतु घडाघडाला टोपी बांधण्यापेक्षा नळीने फवारा मारणे कितीतरी लवकर उरकते.

येथवर सर्व सुरळीत दिसते. पण नावाचा घोटाळा पहिल्यापासूनच होता. ‘कोळे रोग’ हे नाव कॉफीच्या एका रोगालाही होते. म्हैसूरच्या कॉफीमळ्यांत पाने काळी पडून कोळ्याच्या जाळ्यासारख्या तंतूंना लोंबत राहतात. त्या रोगकर्त्याचे वर्णन कुक यांनी १८७६ साली केले, तेव्हा त्याच्या शास्त्रीय नावातच ‘कोळेरोगा’ हा कानडी शब्द घातला. हा जीव खऱ्या बुरशींपैकी, भूछत्रांच्या गोतातला. त्याचे बीजाणू पोहत नाहीत. एकाच मुलखात, एकाच पावसात, एकाच नावाचे दोन रोग, आणि त्यांच्या कर्त्यांचे नाते पिंपळाचे आणि पाकोळीचे असावे इतके दूरचे! शेतकऱ्याने नाव दिले ते परिणामावरून. त्याला दोन्हीकडे कुजणेच दिसले, आणि तेवढे त्याच्या कामाला पुरेसे होते. मराठी शेतकऱ्यानेही तेच केले आहे. बाजरीच्या कणसाची जागा हिरव्या पानांच्या जटांनी घेतली की तो त्या रोगाला ‘गोसावी’ म्हणतो. दाणा न धरणारे ते ताट पाहिले की त्याहून चपखल शब्द सुचणार नाही. ह्या गोसाव्याचा कर्ताही फायटॉप्थोराच्याच गणगोतातला आहे.

शास्त्रज्ञ नाव देत ते आकारावरून, आणि त्यांचीही पंचाईत होई. बंगळूरच्या प्रयोगशाळेत कोलमन यांच्यानंतर एम. जे. नरसिंहन यांनी फायटॉप्थोराचा अभ्यास पुढे नेला. १९३० साली त्यांनी दाखवून दिले, की म्हैसुरातील फायटॉप्थोराचे काही वाण एकएकटे वाढवले तर अंडबीजाणू धरीत नाहीत. पण योग्य अशा दोन वाणांची गाठ घालून दिली की दोहोंच्या सीमेवर ते धरतात. म्हणजे ह्या जीवांतही सोयरीक जमावी लागते, आणि ती जमल्यावाचून जाडजूड भिंतीचा, प्रतिकूल काळ सोसणारा अंडबीजाणू तयार होत नाही. ज्यांचे वर्गीकरण अंडबीजाणूंच्या आकारावर चाले, त्यांना हा निष्कर्ष गैरसोयीचा वाटला असल्यास नवल नाही. एखाद्या वाणात अंडबीजाणू दिसला नाही, याचा अर्थ तो धरण्याची शक्तीच नाही असा घेता येत नव्हता.

नरसिंहन यांनी एम. जे. तिरुमलाचार आणि अमेरिकन शास्त्रज्ञ शॉ यांच्यासह १९५३ साली आणखी एक काम प्रसिद्ध केले. नाचणी हे म्हैसूरच्या गरिबाचे अन्न. तिच्या एका रोगात कणसातली फुले दाण्याऐवजी पानेच पाने होऊन झुडपासारखी वाढतात. त्याचा कर्ता बाजरीच्या गोसाव्याच्या प्रजातीतला, असे तोवर समजत. अंडबीजाणूंवरून ते बरोबर वाटे. पण नाचणीच्या पानांवर ह्या जीवाच्या पिशव्या तपासल्या, तर त्या हुबेहूब फायटॉप्थोरासारख्या निघाल्या. अर्धा एकासारखा, अर्धा दुसऱ्यासारखा. तिघांनी त्याच्यासाठी ‘स्क्लेरॉफ्थोरा’ ही नवी प्रजाती स्थापिली. स्क्लेरोस्पोराचा पूर्वार्ध आणि फायटॉप्थोराचा उत्तरार्ध! नरसिंहावताराची आठवण व्हावी असे हे नाव आहे, आणि त्याच्या जनकांपैकी एकाचे नाव नरसिंहन असावे, हा केवळ योगायोग. ती प्रजाती जगभर मान्य झाली आणि आजही चालू आहे.

तिरुमलाचार पुढे महाराष्ट्रात आले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना निघाला होता. तेथील संशोधनात मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून, ज्याला पिंपरीवरूनच स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना असे नाव मिळाले, हमायसिन हे बुरशीनाशक औषध १९६१ च्या सुमारास हाती आले. ह्या वर्गातील औषधे बुरशीच्या पेशीभोवतालच्या पटलावर घाव घालतात. त्या पटलात अर्गोस्टेरॉल नावाचा एक मेदपदार्थ असतो. औषध त्याला जाऊन चिकटते आणि पटलाला भोके पडतात. आणि येथे कुळाचा प्रश्न निकराचा झाला, कारण पिथियम आणि फायटॉप्थोरा स्वतः हा पदार्थ बनवीतच नाहीत. ह्या औषधांना पकडायला तेथे काही नसते. इतर बुरशी मरतात आणि हे दोघे सुखाने वाढतात. याचा उपयोग प्रयोगशाळांनी मोठ्या हुशारीने करून घेतला. बागेतली माती आणून तीतून फायटॉप्थोरा वेगळा काढायचा, तर पोषक द्रावणात पिमारिसिन हे औषध घालतात. मग तणासारख्या इतर बुरशी उगवत नाहीत. पिमारिसिन हे नाव पिंपरीवरून आले असावे असे मराठी कानांना वाटते, पण ते दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरिट्झबर्ग ह्या गावावरून आले आहे.

बुरशीचे औषध ज्याला लागत नाही तो बुरशी कसा? शंका नवी नव्हती. ह्या जीवांच्या पेशीभित्तिका मुख्यतः सेल्यूलोजच्या असतात, वनस्पतींप्रमाणे. खऱ्या बुरशींच्या भित्तिकांत कायटिन असते, जे किड्यांच्या कवचात सापडते. पोहणाऱ्या बीजाणूच्या दोन धाग्यांपैकी एक गुळगुळीत तर दुसरा पिसासारखा केसाळ, हेही शैवालांत आढळणारे लक्षण. १८५८ साली प्रिंग्सहाइम यांनी पाण्यातल्या ह्या बुरशींच्या प्रजोत्पादनाचे एका शैवालाशी असलेले साम्य दाखविले होते. तरीही तंतूंनी वाढतो, कुजवतो आणि बीजाणू सोडतो, तस्मात् तो बुरशी, हा सरकारी दप्तरातील वर्गवारीसारखा शेरा शंभर वर्षे पुसला गेला नाही. १९८७ साली मात्र आनुवंशिक द्रव्याची अक्षरे जुळवून पाहण्यात आली, तेव्हा ह्या गटातील एक जलबुरशी सोनेरी शैवालाच्या जवळची ठरली. आज हे जीव समुद्रातील तपकिरी शैवाले आणि डायॅटम यांच्या शाखेत घातले जातात. मलनाडची सुपारी कुजवणारा हा जीव समुद्रशैवालाचा चुलत भाऊ निघाला!

त्याच १९८७ साली आणखी एक निबंध प्रसिद्ध झाला. लष्करातील घोड्यांना पावसाळ्यात पायांवर, पोटावर न भरणारे व्रण होत. हिंदुस्थानातील इंग्रज पशुवैद्य त्यांना देशी शब्दानेच ‘बरसाती’ म्हणत. ह्या नावाखाली येणाऱ्या व्रणांपैकी काही कृमींचे असतात आणि काही बुरशीसारख्या तंतूंचे. तंतूंकडे फ्रेडरिक स्मिथ यांनी १८८४ मध्येच लक्ष वेधले होते. हे तंतू पिथियमच्या एका जातीचे आहेत, असे सांगून तिला ‘पिथियम इन्सिडिओसम’, म्हणजे कपटी पिथियम, हे नाव १९८७ साली देण्यात आले. नाव देणाऱ्या पाचांत डी कॉक, मेंडोझा, अजेलो आणि कॉफमन यांच्याबरोबर पाध्ये हे मराठी आडनाव आहे. हाच जीव माणसाच्या डोळ्यातही शिरतो. पाण्यात उतरणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसाच्या बुबुळावर व्रण होतो. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तंतू दिसतात, आणि ते अगदी बुरशीसारखे असतात. डॉक्टर बुरशीचे थेंब देतात, म्हणजे नाटामायसिन. आणि नाटामायसिन हे पिमारिसिनचेच दुसरे नाव. प्रयोगशाळेत ज्या औषधाने पिथियमला मोकळे रान मिळते, तेच औषध रुग्णाच्या डोळ्यात पडते, आणि तिकडे बुबुळ विरघळत जाते. अलीकडच्या काळात भारतातील नेत्रतज्ज्ञांनी हे ओळखून लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन ही जिवाणूंवरची औषधे वापरून अनेकांचे डोळे वाचविले आहेत. नमुना पाण्यात ठेवून त्यातून पोहणारे बीजाणू निघतात का, हे पाहणे ही त्या तपासणीतली एक रीत आहे. कोलमन यांनी सुपारीच्या सालीवर जे पाहिले, तेच येथेही पाहावयाचे असते.

बोर्डो मिश्रणाच्या बाबतीत कुळाची चुकलेली नोंद कोणालाही नडली नव्हती. तांबे हे सरसकट विष. बुरशी असो की शैवालाचा आप्त, ते दोघांनाही मारते. औषधे जसजशी नेमकी होत गेली तसतशी चूक महाग पडू लागली.

कोलमन १९३४ साली निवृत्त होऊन मायदेशी परतले आणि १९५४ साली वारले. हेब्बाळच्या शाळेचे पुढे महाविद्यालय झाले आणि १९६४ साली तेथे कृषी विद्यापीठ आले. त्यांनी नाव दिलेला प्रकार मात्र वर्गीकरणात स्थिर राहिला नाही. बटलर यांनी गोदावरीकाठच्या ताडांवरून १९०७ साली पिथियम म्हणून वर्णिलेली आणि १९१९ साली स्वतःच फायटॉप्थोरात हलवलेली ‘पाल्मिव्होरा’ ही जात आहे. अनेक तज्ज्ञांनी ‘अरेकी’ तिच्यातच विलीन केली. अलीकडे कर्नाटकातील बागांतून नमुने गोळा करून आनुवंशिक तपासणी झाली, तेव्हा बहुतेक ठिकाणी कोळेरोगाचा कर्ता म्हणून ‘मीडिआय’ ही जात आढळली. ही जात मॅक्रे यांनी १९१८ साली दक्षिण भारतातील रबराच्या झाडावरून वर्णिली होती.

मलनाडातच नव्हे, श्रीवर्धनला रोठ्याच्या बागांतही कोळेरोगावर मिश्रण तेच आहे. मृगाच्या आधी मोरचूद एका पिंपात भिजते, चुना दुसऱ्यात, आणि मग दोन्ही एकत्र ओततात. मिश्रणात लोखंडाचा स्वच्छ खिळा किंवा सुरी बुडवून पाहायची. तिच्यावर तांबडे पुट चढले तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. चढणारे गडी आता मिळेनासे झाले आहेत. कर्नाटकात कित्येक बागांतून जमिनीवर उभे राहूनच कार्बन तंतूंची हलकी, लांबच लांब काठी घडापर्यंत उभारतात आणि तिच्या टोकाच्या नळीतून निळा फवारा उडवतात.